‘२४ बिटचं कार्ड घेतलं, तरी आकडा नाचतोच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण निम्मी बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: भट्टीच्या थर्मोकपलला (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर, तापमानानुसार अगदी लहान व्होल्टेज देणारा) १६ बिटचं कार्ड (ते व्होल्टेज आकड्यात बदलणारं) पुरतं हा माझ्या लेखातला सल्ला चुकीचा, म्हणून तुम्ही २४ बिटचं घेतलं. मी सांगितलेली डिफरन्शियल जोडणी (दोन वायरींमधला फरक मोजणारी) केली, तर रीडिंग सरकत सरकत रेंजच्या टोकाला जाऊन बसलं. सिंगल-एंडेडला (एक वायर ग्राउंडला जोडून मोजणं) निदान आकडा तरी येत होता. आणि दहा रीडिंगची सरासरी घेऊनही तो नाचत होता.

डिफरन्शियलचा दोष माझा. तुमच्या थर्मोकपलचं टोक शीथपासून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या नळीपासून, इन्सुलेटेड आहे, म्हणजे ते ग्राउंडला कुठंच जोडलेलं नाही. कार्डच्या इनपुटला अगदी थोडा बायस करंट लागतो. त्याला परतीची वाट नसली की दोन्ही वायरींचं व्होल्टेज मिळून वर किंवा खाली सरकत जातं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेबाहेर पडतं. निगेटिव्ह वायर आणि अ‍ॅनालॉग ग्राउंड यांच्यात १० ते १०० किलोओहमचा एक रेझिस्टर टाका. सिंगल-एंडेडला निगेटिव्ह थेट ग्राउंडलाच असतं, म्हणून तिथं हे दिसलं नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज दुरुस्ती केली. (टोक शीथला वेल्ड केलेलं असेल आणि भट्टीची बॉडी अर्थ असेल, तर वाट तिथूनच मिळते, रेझिस्टर नको.)

बिटांबद्दल मात्र मी माघार घेत नाही. के टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. ±१० व्होल्टच्या रेंजवर १६ बिटची एक पायरी (कार्डला कळणारा सर्वांत लहान बदल) ३०५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सातेक अंशांची. तिथं तुमचा राग रास्त. पण मी ±८० मिलिव्होल्टची रेंज म्हटलं होतं. त्यावर तीच पायरी अडीच मायक्रोव्होल्टच्या आत येते, आणि ८०० अंशांना के टाइप देतं ३३.२७५ मिलिव्होल्ट, म्हणजे रेंजही पुरते. उलट स्टँडर्ड ग्रेडच्या थर्मोकपललाच ०.७५ टक्के चुकण्याची सूट असते. ८०० ला ती होते ६ अंश. मग शेवटचे आठ बिट मोजणार काय?

आता आकड्याचा नाच. तो वायरींत शिरणाऱ्या विजेच्या गोंगाटाचा. तुम्ही सेकंदाला १००० रीडिंग घेता. दहांची सरासरी म्हणजे १० मिलिसेकंद, ५० हर्ट्झचं बरोबर अर्धं आवर्तन! मोजणी आवर्तनात कुठून सुरू झाली त्यावर कधी वरचा अर्धा भाग हाती लागतो, कधी खालचा. वीस घ्या, एक आवर्तन पूर्ण होतं. शंभर घ्या, आणखी बरं, कारण ग्रिड नेमकं ५० वर कधीच नसतं. शेजारच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) किलोहर्ट्झमधला गोंगाट मात्र सरासरीनं जाईलच असं नाही. त्याला कार्डच्या आधी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) फिल्टरच हवा.

कोल्ड जंक्शनचा (थर्मोकपलच्या वायरी टर्मिनलला जोडतात ती जागा, तिथलं तापमान हिशेबात धरावं लागतं) सेन्सर पॅनेलच्या दारावर लावलाय, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो काढून टर्मिनल ब्लॉकला चिकटवा. आमच्याकडे एक भट्टी रोज दुपारीच ‘चुकायची’. दोन दिवस कार्डला शिव्या घातल्यावर लक्षात आलं की खिडकीतलं ऊन टर्मिनलवर येतंय आणि सेन्सर सावलीत आहे. तिथं आठ अंशांचा फरक पडला, तर तो जवळपास जसाच्या तसा रीडिंगमध्ये उतरतो, कार्ड कितीही बिटचं असो.

शील्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली असेल, तर भट्टीकडचं टोक आधी सोडवा. मग रेझिस्टर टाकून आकडे इथंच लिहा.