एकेक रेणू दिसतो म्हणून सिकलसेलच्या गोळ्या बंद करायच्या नसतात

माझ्या मामेबहिणीची पोरगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पेशंट, त्यावरची हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी चालू आहे. परवा बहिणीचा फोन, "दादा, गोळ्या बंद केल्या तं चालन का?" कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज. आमच्या तालुक्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय: नोबेलवाला 'सिंगल मॉलिक्युल कॅमेरा' आलाय, मशीनवर बोट ठेवा, सिकलसेलचे वाकडे रेणू लाईव्ह दिसतील, आमच्या थेंबांनी ते सरळ होताना स्क्रीनवर बघा, अन् ती कॅन्सरची गोळी फेकून द्या.

नोबेलचं खरं आहे, मान्य. २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मोअर्नर या शास्त्रज्ञांना अतिबारीक दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपच्या कामासाठी मिळालं, आणि आज जिवंत पेशीतसुद्धा एकेका रेणूचा माग काढतात. पण कसा काढतात ते त्याच नोबेलच्या माहितीत लिहिलंय, ते मेसेजवाल्यानं वाचलंच नाही. आधी मोजक्या रेणूंना चमकणारा डाय लावावा लागतो, मग लेझर मारायचा, अन् काळ्या पडद्यावर एक धूसर ठिपका दिसतो, २००-२५० नॅनोमीटर रुंद (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्याचा मध्य कॉम्प्युटर १०-२० नॅनोमीटरपर्यंत काढतो, म्हणजे रेणू कुठं आहे ते कळतं, कसा दिसतो ते नाही. काही सेकंदात डाय विझून जातो. सिकलसेलमध्ये बिघडतो तो रेणू म्हणजे लाल पेशीतलं हिमोग्लोबिन, ते जेमतेम ५-६ नॅनोमीटरचं, त्याच्या कितीतरी पट मोठ्या ठिपक्यात वाकडं-सरळ काय दिसणार? अन् एका लाल पेशीत हे रेणू पंचवीस कोटींच्या वर असतात!

बोटाचं तर बोलूच नका, कातडीत उजेड विखुरतो, हे काम काचेवर ठेवलेल्या पेशींवर होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते 'सरळ होताना बघा'. अहो, सिकलसेलमध्ये रेणू वाकडा नसतोच. ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. पेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे ७-८ हजार नॅनोमीटरची, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते. आणि तिला पुन्हा हवा लागली की बऱ्याच पेशी आपोआप गोल होतात! काचेखाली हवाबंद ठेवलेल्या रक्तावर थेंब टाकायला काच उघडली तरी हवा लागते, पाणी टाकून पण हा तमाशा दाखवता येईल. यावर विश्वास ठेवून लेकराचं औषध सोडायचं?

कॅन्सरची गोळी, हेही अर्धं खरं, हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये देतात, आणि ती चालू असताना मधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण सिकलसेलमध्ये ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, ते असलं की धागे कमी बनतात, दुखण्याचे झटके कमी येतात.

बहिणीला सांगितलं, गोळी चालूच ठेव. ज्यांनी हा मेसेज वाचून बंद केली असेल त्यांनी आजच आपल्या डॉक्टरला गाठा, आणि सिकलसेल आहे की नाही हे पाहायचं असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. रक्ताच्या या तपासण्या आहेत, बोट ठेवायचं मशीन नाही.