दुधीचा गोरज मुहूर्त

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एखादा वरकरणी शहाणा दिसणारा माणूस गच्चीवर एका पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या उपटून ते दुसऱ्या पांढऱ्या फुलावर टेकवताना दिसला, तर लगेच त्याच्या घरच्यांना फोन करू नये. तो दुधीचं लग्न लावतोय. मुहूर्त गोरजच, त्यासाठी पंचांग बघावं लागत नाही. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. शेतात हे लग्न रात्री हिंडणारे पतंग लावून देतात. चौथ्या मजल्यावर पतंग फारसे फिरकत नाहीत, आणि मधमाश्या सकाळी येतात, म्हणजे मांडव उतरवायला घेतल्यावर. तेव्हा भटजी, मामा आणि अंतरपाट धरणारे दोघं, ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

नवरा कोण आणि नवरी कोण हे ओळखायला पत्रिका लागत नाही. लांब बारीक देठावर नुसतंच फूल असेल, तर तो नर. फुलाच्या मागे अंगठ्याएवढी लवदार दुधी आधीच बसलेली असेल, तर ती मादी. नराच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादीच्या मधोमध हलकेच तीन-चार वेळा टेकवायचा. एका नरात दोन-तीन माद्यांचं भागतं. यावर मंडळींनी शेरे मारू नयेत. जमलं, तर चार दिवसांत मागची दुधी फुगू लागते. फसलं, तर ती पिवळी पडते, टोकाकडून कुजते आणि गळते. अशी दुधी गळली की लोक घाईघाईने वेलाला खत घालतात. लग्न जमलं नाही म्हणून मुलीला बळेच डिंकाचे लाडू चारण्यातला हा प्रकार.

त्यातून पहिले आठ-दहा दिवस वेलावर नुसते नवरेच येतात. तालुक्याच्या गावच्या वधू-वर मेळाव्यात दिसावं तसं दृश्य: पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले उपवर रांगेने उभे आणि मुलगी औषधालाही नाही. घाबरू नये, हा वेलाचा रिवाजच आहे. मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. म्हणून मुख्य वेलाला सात-आठ पानं झाली की शेंडा नखाने खुडायचा. बगलेतून फांद्या फुटतात, आणि त्यांचेही शेंडे पुन्हा खुडले की नातवंडांच्या पिढीत मुलींचं प्रमाण सुधारतं. खुडताना हात थरथरतो. इतक्या कष्टाने वाढवलेला वेल, आणि त्याचाच शेंडा आपण तोडायचा! पण इथे माया केली की वेल गच्चीच्या टाकीपर्यंत जातो आणि वर बसून नुसती फुलं दाखवतो.

आणखी एक घोळ असा, की सगळ्या वेलांचा मुहूर्त एक नाही. दोडका दुधीसारखाच तिन्हीसांजेचा. काकडी आणि कारलं मात्र सकाळी उमलतात. म्हणजे कारल्याचं लग्न चहाच्या आधी, दुधीचं दिवाबत्तीच्या वेळी, आणि मध्ये नोकरी.

पण लग्नापर्यंत वेल पोचणं हेच मुळात नवल. बी टोचल्यापासून फूल यायला ४०-४५ दिवस लागतात, आणि त्या वाटेवर जागोजागी विघ्न म्हणून आपणच उभे असतो. बाग हयगयीने मरते असा एक समज आहे. मी पाहिलेल्या बहुतेक कुंड्या लाडाने मेल्या.

पहिला लाड मातीचा. गावाकडून येताना गाडीच्या डिकीतून शेतातली काळी माती आणायची आणि 'आमच्या मातीत काहीही पिकतं' म्हणत ती कुंडीत भरायची. शेतात काहीही पिकतं, कारण खाली पाच-सहा फूट माती असते. डब्यात तीच माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात वीट. भेगा अशा पडतात की घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. त्यापेक्षा एक भाग पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि २० लिटरच्या डब्याला दोन मुठी निंबोळी पेंड, एवढं पुरतं. कोकोपीटची पाच किलोची वीट २५ लिटर पाणी पिऊन साधारण ६५-७० लिटर भुसा होते. हे माहीत नसलेला माणूस ती बादलीत भिजवतो आणि रात्री न्हाणीघरात ज्वालामुखी फुटावा तसा भुसा बाहेर येतो. भिजल्यावर तो दोनदा धुऊन पिळायचा, नाहीतर त्यातले क्षार रोपाच्या पानांच्या कडा जाळतात. शेणखत 'ताजं ताजं' आणायचं नसतं. ते भाजी नव्हे. ताजं शेण कुजताना तापतं आणि त्यातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या फुकट मिळतात, ज्या खालून मुळं खातात आणि आपण वरून पाणी घालत राहतो.

आता वजन. रंगाचा २० लिटरचा डबा नुसत्या मातीने भरून भिजवला, तर तीस किलोंच्या घरात जातो. चौरस मीटरभर जागेत असे नऊ डबे आरामात बसतात, म्हणजे २७० किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब बांधताना चौरस मीटरला साधारण १५० किलोंचा भार धरतात. ही गुणाकाराची गोष्ट सोसायटीच्या चिटणीसांना आपल्याआधी कळलेली असते. हलक्या मिश्रणाने तोच डबा अठरा-वीस किलोंवर येतो. तरीही डबे मधोमध गोळा न करता तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेत पसरून ठेवायचे. प्रत्येक डब्याखाली विटांचे तुकडे किंवा स्टँड हवा, म्हणजे स्लॅबला हवा लागते. हे सगळं केल्यावरही खालच्या मजल्यावर ओल दिसली की बोट आपल्याच टोमॅटोकडे दाखवलं जातं. दुधीला तर २० लिटरचा डबा पुरतही नाही. तिला निदान पन्नास-साठ लिटर लागतात, म्हणजे निळा ड्रम आडवा कापून केलेलं अर्धं पिंप. ते जिन्याने वर नेताना जे तीन शेजारी भेटतात, ते तिघेही 'लग्नकार्य काय?' असंच विचारतात. एका अर्थी बरोबरच आहे.

दुसरा लाड पाण्याचा, आणि हा सगळ्यात मारक. घरात चार माणसं असतील तर चौघांनाही रोप सुकलेलं वाटतं आणि चौघंही एकमेकांना न सांगता पाणी घालतात. मे महिन्यातल्या दुपारी पानं लोंबतातच, ते रोपाचं वामकुक्षी घेणं आहे. संध्याकाळी आपसूक सावरतं. सकाळी सातलाही लोंबलेलं असेल, तर विचार करायचा, आणि तोही बोटाने. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर झारी खाली ठेवायची आणि हात खिशात. कोकोपीट वरून कोरडं खडखडीत दिसतं आणि आत लोणच्यासारखं मुरलेलं असतं, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं लोंबतात, आणि ते पाहून पाचवा कोणीतरी पाणी घालतो. डब्याखालच्या ताटलीत पाणी साठवणारे तर डासांचे पाळणाघर चालवतात. पालिकेचा माणूस आला की सगळ्यात आधी तिथेच वाकतो.

टोमॅटोच्या बाबतीत पाण्याचा लहरीपणा निराळ्याच पद्धतीने अंगावर येतो. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी महापूर, असं झालं की फळाचा तळ काळा पडतो. हा रोग नव्हे, कॅल्शियमची उपासमार. मातीत असलं तरी ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही. यावर घरोघरी अंड्याची टरफलं हातानेच चुरडून टाकतात. ती टरफलं विरघळायला इतके महिने लागतात की तोवर टोमॅटोचं रोप जाऊन तिथे मेथी आलेली असते. टाकायचीच तर मिक्सरमधून पिठासारखी करून, रोप लावायच्या कितीतरी आधी मातीत मिसळायची. आणि पाणी रोज ठरल्या वेळी, बेताने. एवढं केलं तर टरफलांवाचूनही चालतं.

खताच्या लाडाबद्दल थोडक्यात: नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड हिरवंगार, पानं हत्तीच्या कानाएवढी आणि फळाच्या नावाने शंख. शेजारी म्हणतात, 'काय सुंदर वाढलंय!' आपण खिन्नपणे हसायचं. पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत, फुलं यायला लागली की थोडी राख. बस. चहाचा चोथा घालायचा तर धुऊन, नाहीतर दुधासाखरेच्या वासाने मुंग्या येतात. आणि मुंग्या एकट्या कधीच येत नाहीत. त्या मावा आणि पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडींना गुरांसारखं राखतात, त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात आणि बदल्यात त्यांचं रक्षण करतात. म्हणजे आपल्या चवळीवर दुग्धव्यवसाय चालतो आणि सहकारी संस्थेत आपण सोडून सगळे सभासद.

इथे सगळ्यात मोठी चूक काय होते सांगतो. माव्याने भरलेल्या शेंड्यावर एक दिवस काळी, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी कुरूप अळी फिरताना दिसते. माणूस किंचाळतो आणि तिला चिरडतो. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी असते, आणि मावा खायलाच आलेली असते. देखणा, लाल, ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा मात्र फोटोसाठी राखला जातो. पोराचा खून करून बापाचा सत्कार.

फवारणीतही हात सैल सुटतो. एक लिटर कोमट पाण्याला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली द्रवसाबण, एवढंच प्रमाण. आधी तेल आणि साबण एकत्र फेटायचे, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि नुसत्या पाण्याची फवारणी होते. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्यातून एकदा. केलेलं त्याच दिवशी संपवायचं. 'किडे फार झालेत, दहा मिली टाकू' म्हणून भर दुपारी मारलं, की किडे राहतात आणि पानं भाजतात. मिरचीची पानं वळून द्रोणासारखी झाली, की समजावं चुरडामुरडा आला. फुलकिडे आणि कोळी (जाळं विणणारे नव्हेत, पानांचा रस शोषणारी बारीक कीड) त्याच्यामागे असतात. सुरुवातीला फवारणीने आवरतो. पूर्ण झाडावर गेला असेल तर ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकावं. इथे भावनेला बळी पडलं, की शेजारची चार झाडंही त्याच वाटेने जातात.

या सगळ्यातून तरलेल्या दुधीसाठी शेवटी फळमाशी येते. कोवळ्या फळाला डंख मारून ती आत अंडी घालते. वर डिंकासारखा एक थेंब दिसतो, मग फळ एका अंगाने वाकडं होतं आणि आतून सडतं. म्हणून लग्न लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नवरीला जाळीच्या किंवा कागदाच्या पिशवीत घालायचं. प्लॅस्टिकच्या नको, आत घाम धरून कुजते. गच्चीवर पिशव्या घातलेल्या दुध्या लोंबताना पाहून पाहुणे 'हे काय?' विचारतात. 'माहेरवाशिणी' म्हणावं आणि विषय बदलावा.

बारा-पंधरा दिवसांत दुधी काढायला येते. नख सहज रुतलं म्हणजे कोवळी. 'अजून थोडी मोठी होऊ दे' हा शेवटचा लाड, तो केला की बिया टणक, गर कापूस आणि वेल नवीन फुलं धरायचं थांबवतो, कारण त्याच्या मते वंशाची सोय झालेली असते. वेळेवर काढत गेलात, तर वेल पेटतो आणि एकदम पाच-पाच दुध्या देतो. मग भाजी, कोफ्ते, थालीपीठ, हलवा, सालींची चटणी असं सगळं होऊन तिसऱ्या आठवड्यात घरातलं वातावरण गंभीर होतं. वाटायला निघावं, तर शेजारची दारं नेमकी बंद असतात. आतून टीव्हीचा आवाज येत असतो, तरी बंद असतात.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी एक दुधी मात्र वेलावरच ठेवायची, सुरुवातीच्या काळातली, सरळ आणि निरोगी. ती पिवळी, मग तपकिरी, मग हलवली की आत खुळखुळेल इतकी वाळेपर्यंत दोनेक महिने हात लावायचा नाही. तिच्या देठाला लाल दोरा बांधावा. घरात सगळ्यांना दोनदा सांगावं. स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहावं. कारण नेमकं तेव्हाच गावाहून कोणीतरी येतं, आणि आपण कामावरून परतेपर्यंत घरातलं कोणीतरी गच्चीवर जाऊन 'घरची भाजी' म्हणून तीच दुधी कापून, दोऱ्यासकट, त्यांच्या पिशवीत घालतं.