तेल तापवायचंच नाही म्हणे!

अलाबामात थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार म्हणजे आयर्न बोल, राज्यातल्या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच, अलाबामा विरुद्ध ऑबर्न, आणि त्या दिवशी हंट्सव्हिलमध्ये 'तू कोणाच्या बाजूचा?' या प्रश्नाला 'मला फुटबॉल कळत नाही' असं उत्तर दिलं की माणूस कायमचा संशयित. म्हणून मी दरवर्षी खायला काहीतरी घेऊन जातो, तोंडं भरलेली असली की कोणी काही विचारत नाही. यंदा ऑफिसच्या टीममधल्यांनी परस्पर ठरवून टाकलं, तू फायर क्रॅकर्स (फटाके नव्हे, तिखट तेलात मुरवलेली बिस्किटं) आण, सोप्पं असतं.

सोप्पं आहेच. सॉल्टीन म्हणजे पातळ खारट बिस्किटांचा एक खोका, म्हणजे चार पुडे. दीड कप तेल, रँच (इथलं लसूण-ताकाचं सॅलड ड्रेसिंग) मसाल्याची दोन पाकिटं, दोन मोठे चमचे चिली फ्लेक्स, थोडी लसूण पावडर. सगळं मोठ्या झिपवाल्या पिशवीत घालायचं, अधूनमधून पिशवी उलटी करायची आणि रात्रभर ठेवायचं. झालं. पण सध्या आमची आई सांगलीहून आलीये सहा महिन्यांसाठी.

"गॅस कधी लावायचा?"

"नाही लावायचा."

"मग तेल कधी तापवायचं?"

"तापवायचंच नाही आई."

यावर ती काही बोलली नाही, नुसती कढई काढून ओट्यावर ठेवली, माझं डोकं ठिकाणावर आलं तर जवळ असावी म्हणून. मग म्हणे, "त्यापेक्षा भडंग कर की सरळ. मी देते करून. किती माणसं आहेत?"

खरी परीक्षा पुढेच होती. रँचची पावडर तेलात विरघळत नाही, खाली जाऊन बसते, म्हणून पिशवी उलटत राहावं लागतं, नाहीतर खालची बिस्किटं खारट ढोण आणि वरची नुसती तेलकट. तर मी सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेलो, बायको आतून ओरडतेय 'अरे हळू, चुरा होतोय', मुलगा एक बिस्किट हातात घेऊन त्याची भोकं मोजतोय (तेरा निघाली, ती भाजताना वाफ जायला असतात, पण आता तिथून तेल शिरत होतं), आणि आई म्हणतेय, एवढं हलवायचंच होतं तर कढईत हलवायचं. रँच हे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराकडच्या एका मालकाच्या रँचवरून, म्हणजे मळ्यावरून आलं, १९५०च्या दशकात, ही माहिती मी तिला दिली. तिने विचारलं, त्यात हिंग आहे का.

शेवटी तिने एक तुकडा तोंडात टाकला. ताकाची पावडर, लसूण, कांदा, कच्चं तेल. थोडा वेळ चावत राहिली आणि एकदम म्हणाली, "अरे हे तर आपले मेतकूट-तेल लावलेले पोहे! आधी नाही का सांगायचं?" कढई परत गेली. मला वाटलं सुटलो.

"पण फायर कुठाय यात?"

इथे मी झोपायला जायला नको होतं असं बायको अजून म्हणते, पण रात्री अकरा वाजता आईशी कोण वाद घालणार. तिने बॅगेतून आणलेला कांदा-लसूण मसाला 'चिमूटभर' घातला. तिची चिमूट मला माहितीये. त्यात तिखटाचा तिखटपणा तेलात उतरतो, आणि त्याला उतरायला अख्खी रात्र मिळालेली.

पार्टीत पहिल्या क्वार्टरलाच ऑबर्नवाला एक दणकट गडी अलाबामाच्या जर्सीसारखा लालभडक झाला. लोक स्वीट टीचे ग्लास रिकामे करत सुटले, त्याने काय होतंय, तिखट पाण्यात विरघळत नाही, तिथे दुधातुपाचंच काम. मग कोणीतरी रँचचं डिप आणलं आणि रँचची बिस्किटं रँचमध्येच बुडवून खाणं सुरू झालं. डोळ्यात पाणी, नाक वाहतंय, पण हात पिशवीतच. हाफटाइमपर्यंत तळाचा चुरासुद्धा बोटाने पुसून संपला. मॅच कोण जिंकलं ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी यजमान बाईंचा फोन, रेसिपी हवी. मी स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं, कांदा-लसूण मसाल्यापाशी अडलो. त्या म्हणाल्या, कुठल्या दुकानात मिळेल?

आई मागून म्हणाली, "दुकानातला नको म्हणावं. एप्रिलमध्ये सांगलीला या. मिरच्यांची देठं काढायला माणूस हवंच असतं."