पैसे भरून नोकरी लागत नसते, भावजी

गेल्या रविवारी रात्री अक्काचा फोन आला. "तुझ्या फोनवरून साडेचार हजार पाठवतोस का? उद्या देते तुला." कशाला, विचारलं. भाचीला पुण्यात नोकरी लागली होती म्हणे आणि लॅपटॉपचं डिपॉझिट भरायचं होतं. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर झालेली, पंधरा मिनिटांत. तासाभरात ऑफर लेटरसुद्धा आलेलं. मी म्हटलं, एक रुपया पाठवू नका. तर अक्का म्हणते, "अरे, भरावे लागतात. यांनी ग्रुपवर टाकलेल्या मेसेजमध्येच लिहिलंय की."

तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, कारखान्यातल्या पोरांच्या फोनवरही आहे. 'नोकरी मिळवण्याचे सहा नियम, जे एचआरवाले कधीच सांगणार नाहीत.' त्यात सांगितलंय ते असं: कंपनीने पैसे मागितले तर घाबरू नका, पैसे घेणारी कंपनीच तुमच्याबद्दल गंभीर असते. आधी राजीनामा द्या, मग शोधा. अनुभव दोन वर्षं वाढवून लिहा, कुणी तपासत नाही. एकच बायोडाटा शंभर ठिकाणी पाठवा. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर विश्वास म्हणून देऊन टाका. आणि नोकरी सोडली की पीएफ ताबडतोब काढा, नाहीतर बुडतो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि पगारपत्रक बघतो. माणसं येताना आणि जाताना त्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. म्हणून बोलतोय.

पहिला नियम वाचून माझं डोकंच फिरलं. नोकरी म्हणजे आपण काम करायचं आणि समोरच्याने पैसे द्यायचे. कामाच्या आधीच जो आपल्याकडून पैसे घेतो, त्याचा धंदा तेवढाच असतो. टीसीएस आणि इन्फोसिस या कंपन्यांनी जाहीर लिहून ठेवलंय की भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. लाखो माणसं कामाला असलेल्या कंपन्यांना डिपॉझिट लागत नाही, मग या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या साहेबाला का लागतं? लॅपटॉप कंपनीचा असतो, तो रुजू झाल्यावर सही घेऊन देतात. आमच्याकडे जॉबरला, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्याला, पान्यांचा संच देताना रजिस्टरवर सही घेतात, पैसे घेत नाहीत.

हे चालतं कसं तेही सांगतो, कारण भाचीचे सगळे मेसेज मी बसून वाचले. आधी रक्कम लहान असते, घरात भांडण न होता निघेल एवढी. ती भरली की गेट पास, मग मेडिकल, मग ट्रेनिंग किट. प्रत्येक वेळी 'रिफंडेबल' हा शब्द. आधीचे साडेचार हजार अडकलेत म्हणून माणूस पुढचे सहा हजार भरतो. शेवटी रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड येतो आणि पिन टाकायला सांगतात. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. भाचीच्या ऑफर लेटरवर लोगो मोठ्या कंपनीचा होता, पत्ता हिंजवडीचा होता आणि ईमेल साधा जीमेलचा. मी तिला एवढंच विचारायला लावलं की ऑफिसचा लँडलाइन नंबर द्या, मामा सोमवारी येऊन चेक जमा करतील. दहा मिनिटांत नंबर ब्लॉक.

आता यात अर्धी गोष्ट खरी आहे, ती नाकारत नाही. सरकारी परीक्षेला फी असते, पण ती अधिकृत संकेतस्थळावर भरायची आणि तिची पावती मिळते. परदेशी पाठवणारा नोंदणीकृत एजंट कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी इतकं शुल्क पावती देऊन घेऊ शकतो. आपल्याकडचे काही प्लेसमेंटवाले नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून पैसे घेतात. मला ते पटत नाही, पण तिथे निदान हातात पगार आलेला असतो. यातलं काहीही 'आज रात्री आठच्या आत भरा' असं नसतं.

कुणाचे पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ती गोठवता येते. आपल्याकडे लोक चार दिवस घरातच कुजबुजत बसतात आणि तोवर पैसे गेलेले असतात.

मूळ प्रमाणपत्रांचं तर बोलायलाच नको. बघायला दाखवा, झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ प्रत परत घेऊनच उठा. मार्कशीट दुसऱ्याच्या कपाटात असताना नोकरी सोडायची हिंमत होत नाही, त्यासाठीच ती ठेवून घेतात.

आधी राजीनामा, मग शोध? हे लिहिणाऱ्याच्या घरी बहुतेक भाडं भरावं लागत नसावं. सोलापुरातून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचं, कॉट बेसिसवर राहायचं, मेसचे पैसे द्यायचे. दोन महिने गेले की पोरगं मिळेल त्या पगाराला हो म्हणतं. जिथे छळ होतो, पगारच मिळत नाही, तिथून निघा, त्याला माझी ना नाही. बाकीच्यांनी हातात लेखी पत्र आल्यावरच राजीनामा द्यावा, नोटीस पूर्ण करावी आणि रिलीव्हिंग लेटर घेऊनच निघावं.

अनुभव वाढवून लिहायचं म्हणाल तर पीएफच्या नोंदीत कुठल्या कंपनीत कधी लागलो आणि कधी सोडली ते तारखेनिशी असतं. कंपन्या तेच तपासतात. शंभर ठिकाणी एकच बायोडाटा पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी त्या कामाला धरून लिहिलेला पाठवा.

पीएफवर मात्र मला थांबावं लागेल. इथे आमच्या लोकांचं खरं नुकसान होतंय. पीएफ बुडत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा आपला नंबर, नोकरी बदलली तरी एकच राहतो, जुन्या कंपनीतली रक्कम नव्या खात्यात ऑनलाइन वर्ग करता येते. 2024-25 साठी व्याज 8.25 टक्के होतं. पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढली तर त्यावर कर लागू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पेन्शनची: पीएफसोबतच्या 1995 च्या पेन्शन योजनेत पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनची रक्कम उचलली नसेल तर वेगवेगळ्या नोकऱ्यांची वर्षं त्यात जोडली जातात. आमच्या खात्यातल्या एका फिटरने आधीच्या ठिकाणची सहा वर्षं झाल्यावर सगळं काढून घेतलं, कुणीतरी सांगितलं म्हणून. इथे त्याची सात वर्षं झाली आणि वय झालं. तेरा वर्षं राबलेल्या माणसाच्या पेन्शनच्या हिशेबात सातच वर्षं धरली. तो कागद माझ्या टेबलावरच भरला गेला आणि मला त्याला काही सांगता आलं नाही.

भावजी, तुम्ही मोठे आहात आणि मेसेज चांगल्या मनाने टाकलात, हे मला माहीत आहे. पण ग्रुपवर तुमचा शब्द चालतो, म्हणूनच अक्का पैसे भरायला निघाली होती. तो मेसेज खोटा आहे असं तुम्हीच तिथे लिहा. भाचीची महास्वयम या सरकारच्या रोजगार संकेतस्थळावर नोंदणी मी करून देतो, त्याला पैसे पडत नाहीत. जिल्हा कौशल्य विकास आणि रोजगार केंद्राचे मेळावेही फुकट असतात. बुधवारी माझी सुट्टी आहे. तिला मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन पाठवा, बायोडाटा बसून नीट लिहू.