गाडीचे बारा

रविवारी सकाळी साडेआठला माणूस घरात जाहीर करतो, "ऑइल बदलतो, हॉर्न बसवतो, मग मिसळ खायला निघू." यातल्या पहिल्या दोन गोष्टी होतात.

ऑइल बदलायला वीस मिनिटं लागतात, हे खरंच आहे. पण गॅरेजच्या रॅम्पवर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसतं गाडीखाली शिरायलाच तेवढा वेळ जातो. स्टेपनीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नसतं. त्यासाठी लोखंडी घोडी लागते, दोन्ही बाजूंना एकेक, आणि तीही कंपनीने दाखवलेल्या जागीच. खाली काँक्रीट हवं. पेव्हर ब्लॉक खचतात. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. काही जण घोडीऐवजी विटा रचतात. वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटते. विटांवरच्या गाडीखाली शिरणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार, लांबून.

आता प्रेक्षक. इतर गावांत असल्या कामाला बघे जमतात, नाशकात परीक्षक जमतात. आमच्याकडच्या कुठल्याही सोसायटीत अर्धे काका सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. कुणी फिटर होता, कुणी टूलरूममध्ये. ओझरला विमानं जोडलेला एखादा असतोच, आणि तो पान्याकडे अशा नजरेने बघतो की तुम्ही सुखोईलाच हात घातलाय. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसलेला कागद उन्हात धरून रंग तपासतात आणि निकाल देतात, "काळं झालंय, म्हणजे पार गेलं." त्यांना नम्रपणे सांगावं लागतं की ऑइल काळं होणं हे त्याचं कामच आहे. काजळी इंजिनात बसू न देता स्वतःत धरून ठेवायची, यासाठीच त्यात रसायनं घातलेली असतात. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून, जे आधी भरेल त्यानुसार. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, काकांकडे नसतो. (गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा उद्योगच करू नका, गुपचूप सर्व्हिसिंगला द्या.)

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायचं. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. कसारा घाट चढून आलेल्या गाडीचा ऑइल काढायचा नट लगेच खोलू नये, हात भाजतो. वरचं भरायचं झाकण आधी उघडायचं. त्याने धार मोकळी पडतेच, शिवाय आत ओतायची जागा आपल्याला सापडलेली आहे याची खात्री होते. घरच्या गाडीकामात बहुतेक घोटाळे ज्ञान कमी पडल्याने होत नाहीत, क्रम चुकल्याने होतात. गिअरबॉक्सच्या तेलाच्या बाबतीत तर फारच होतात. खालचा नट सोडून सगळं तेल काढायचं आणि मग कळायचं की भरायचा नट गंजून बसलाय. गाडी जागेवरच ठाण मांडते, आणि काका चहा घेऊन येतात.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडताना शाळेत शिकलेलं "डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट" दगा देतं. नटाचं डोकं आपल्या तोंडासमोर असेल तोवर नियम बरोबर. पण बऱ्याच गाड्यांत तो नट चेंबरच्या मागच्या अंगाला आडवा असतो, आणि आपण पुढून हात घालतो. म्हणजे घड्याळ आपण पाठीमागून बघत असतो. मग माणूस जिवाच्या आकांताने सैल करतो आणि नट घट्ट होत जातो, शेवटी एकदम हलका फिरतो. आनंद होतो. तो आनंद म्हणजे आटे गेल्याचा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर हे फारच सहज घडतं. उपाय साधा आहे: नटाच्या डोक्यासमोर आपण उभे आहोत अशी कल्पना करा आणि मगच पाना लावा. पानाही रिंगचाच, फिक्स पाना कोपरे गोल करतो.

नट शेवटच्या दोन आट्यांवर आला की तो वर दाबून धरत फिरवायचा आणि झटकन बाजूला घ्यायचा. तरी तो घमेल्यात पडतोच. एक चुंबक जवळ ठेवा. आता धार बघा. आडव्या नटाची धार आधी वीतभर लांब उडते, आणि आतली पातळी उतरत जाते तशी मागे सरकत सरकत शेवटी सरळ खाली येते. नवशिका घमेलं नटाच्या बरोबर खाली ठेवतो, म्हणून पहिला पावशेर फरशीवर. शहाणा पुढे ठेवतो आणि मागे सरकवायचं विसरतो, म्हणून शेवटचा पावशेर फरशीवर. छोट्या पेट्रोल गाडीत तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं, तेव्हा आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या डब्याने भागेल हा हिशेब कुणाचा कसा जुळतो, मला कोडं आहे.

नटाखालचा वायसर दरवेळी नवा घालायचा. तो मऊ धातूचा असतो, दबून एकदाच नीट बसतो. जुनाच लावला की थेंब गळतो, थेंब थांबवायला माणूस नट आणखी आवळतो, आणि दहा-वीस रुपये वाचवण्याच्या नादात पुन्हा आटे. आवळायचा किती? टॉर्क पाना असेल तर पुस्तकातला आकडा. नसेल तर वीतभर पाना, आणि जोर मनगटाचा, खांद्याचा नाही.

जुना ऑइल फिल्टर निघत नसेल तर त्यात स्क्रू ड्रायव्हर भोसकून फिरवण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. पत्रा टरकतो, फिल्टर जागच्या जागी. त्यापेक्षा फिल्टरभोवती पॉलिश पेपर गुंडाळून हाताने पिळा, किंवा पट्ट्याचा पाना आणा. निघाल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच्या तोंडावर रबरी रिंग आहे का बघणं. नसेल तर ती इंजिनालाच चिकटून राहिलीय. तिच्यावर नव्या फिल्टरची रिंग बसली की इंजिन सुरू होताच ऑइलचं कारंजं. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल चोपडायचं, फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत आणायचा, आणि तिथून साधारण पाऊण वळसा.

मग आधी तीन लिटर ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा. गाडी घोडीवरून उतरवून सपाटीला आणलेली हवी. मग डिपस्टिक. पातळी कशी वाचायची हे नाशिककराला शिकवायला नको. गोदेला पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी की कमरेला, यावरच आमच्याकडे शहराचा अंदाज बांधतात. इथेही तसंच, दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली. गळ्यापर्यंत भरू नका. जास्त झालं तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ऑइल घुसळते, फेस होतो, आणि फेस वंगणाचं काम करत नाही. जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात. गटारात ओतलंत तर नासर्डीतून ते गोदावरीलाच मिळणार, आणि सिंहस्थात बुडी मारायला आपलाच मामा येणार.

एव्हाना अकरा वाजलेत. हॉर्न.

कंपनीच्या हॉर्नचा आवाज मुंबई नाक्यावर रिक्षावाल्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, म्हणून जाड आवाजाची जोडी आणलेली असते. (वेगवेगळ्या सुरांत गाणारे हॉर्न कायद्याने बंद आहेत, आणि रसिकतेनेही असायला हवेत.) जोडी मिळून आठ-दहा अँपिअर ओढते. जुन्या बारीक वायरवर ती थेट लावली तर आज वाजते, महिन्याभरात फ्यूज उडायला लागतो किंवा संपर्क जळतात. म्हणून रिले, म्हणजे बारीक वायरच्या इशाऱ्यावर जाड वायर जोडणारा स्विच. बॅटरीची प्लसची वायर १५ किंवा २० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. फ्यूज बॅटरीच्या शेजारीच, कारण वायर पुढे कुठे घासली तर आग बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या तुकड्यातच लागते. ८७ पासून दोन्ही हॉर्नला. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ ला. एकच वायर असेल तर ती ८६ ला आणि ८५ बॉडीला. साध्या रिलेत उलटसुलट चालतं, आत डायोड असेल तर ८६ लाच प्लस हवा. बॉडीला अर्थ देताना रंग खरवडून पत्रा चकचकीत करा. रंगावर आवळलेला अर्थ म्हणजे सर्दी झालेला हॉर्न. पिळून टेप गुंडाळलेले जोड बॉनेटच्या उष्णतेत सुटतात, वायरीच्या टोकाला लग दाबून स्लीव्ह चढवा. हॉर्नचं तोंड खाली, नाहीतर जुलैत त्यात पाणी साचतं.

हे सगळं अर्थात बॅटरीचा मायनस सोडून. आधी मायनस का? प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट. पाना तिथेच चिकटायचाही संभव. मायनस निघालेला असेल तर प्लसवरचा पाना बॉडीला कुठेही लागो, काही होत नाही. जोडताना मायनस शेवटी.

तो जोडला की हॉर्न एकदा वाजवून बघायचा असतो. दुपारचे पावणेतीन, सोसायटी झोपलेली. टूलरूमचे काका तेवढे गॅलरीत येऊन मान डोलावतात. आत डॅशबोर्डवर, बॅटरी सुटल्यामुळे, घड्याळात बारा वाजलेले असतात. गाडीच्या हिशेबाने मिसळीला अजून वेळ आहे.