शेरा : मेथी उगवली नाही

सोमवारी सकाळी मोबाइलवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. एका सोसायटीची अभिप्राय-वही. निळी शाई, सुवाच्य अक्षर, खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा. मजकूर एवढाच : ‘कार्यक्रम ठीक. मेथी उगवली नाही.’

रविवारी साडेदहाला पेरलेली मेथी दुपारी बारा वाजता उगवली नाही, हे मला मान्य आहे. टोपलीखाली आंब्याची कोय ठेवून पाच मिनिटांत झाड काढून दाखवणारे जादूगार असतात. सोसायटीने त्यांना बोलवायला हवं होतं. मी चित्रपुस्तकवाली. भाज्यांचं पुस्तक वाचून दाखवायचं, मुलांकडून काहीतरी पेरून घ्यायचं, त्याची भाजी कशी होते ते सांगायचं, आणि जाताना खुर्च्या सरळ करून जायचं, एवढंच माझं काम.

मुलं चौदा, वय साडेतीन ते सहा. आइस्क्रीमचे चौदा रिकामे डबे, प्रत्येकाच्या तळाला पाच भोकं. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारख्या भागात. रात्रभर भिजवलेली मेथी, डब्याला चहाचा एक चमचा. सगळं जागच्या जागी होतं. फक्त शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. त्यांच्या मांडीवर डायरी होती. नातवाला घेऊन आले होते, पण नातू कुठे आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नंतर कळलं की ते बँकेतून निवृत्त झालेत, आणि बँकेतही तपासणी विभागातून. आधी कळलं असतं तर मी पाठच फिरवली असती.

‘पान चार,’ काका म्हणाले. मी पान पाचवर होते.

‘काय काका?’

‘पान चारवर मुलाने बी पेरलं. पान पाचवर हातभर रोप. मधल्या काळाची नोंद कुठे आहे?’

‘काका, गोष्टीचं पुस्तक आहे.’

‘असू दे की. पण दिवस गेले कुठे?’

पुढे बसलेल्या एका मुलीने लगेच माझ्या हातातलं पुस्तक ओढलं आणि पान चार आणि पाच चिकटलेत का ते नखाने बघितलं. मग आणखी तिघांनी बघितलं. दिवस काही सापडले नाहीत.

मी हसून वेळ मारून नेली. काकांनी डायरीत काहीतरी लिहिलं. लिहिताना ते आधी समास आखत होते.

‘आता हे बी,’ ते पुढे म्हणाले, ‘कशाचं?’

चित्रात एक तपकिरी थेंब होता. सगळ्या भाजीपुस्तकांत असतो तोच. त्यातून पान पाचवर टोमॅटो, पान सहावर गाजर आणि पान सातवर भेंडी, असा सगळा मंडईचा माल निघतो. खरं तर मेथीचा दाणा पिवळसर, चौकोनी, मध्ये खाच असलेला. मुळ्याचं बी लालसर आणि गोल. टोमॅटोचं चपटं, बारीक लव असलेलं. गाजराचं इतकं बारीक की लहान मुलाच्या हातात दिलं तर शिंकेने उडतं. आणि धने म्हणजे बीच नव्हे, ते फळ. त्यात दोन बिया जोडीने बसलेल्या असतात. लाटण्याने हलकेच रगडून त्या वेगळ्या करायच्या. जोर जास्त झाला की थेट फोडणीची तयारी. हे सगळं मी एका दमात सांगितलं, कारण मला वाटलं काका प्रभावित होतील.

‘म्हणजे,’ काका म्हणाले, ‘पुस्तक चूक आहे.’

‘तसं नाही, चित्रात थोडं...’

‘भेंडी बरोबर आहे का?’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भेंडीचा विषय निघाला की मला राहवत नाही. चित्रात भेंड्या झाडाला लोंबत होत्या, मिरच्यांसारख्या. भेंडी लोंबत नाही. ती खोडाशी टोक वर करून उभी असते. चित्र काढणाऱ्याने भेंडी फक्त पिशवीत पाहिली असणार, आणि पिशवीत ती कशीही पडते. भेंडीला जास्वंदासारखं पिवळं फूल येतं, कारण ती जास्वंदाच्याच कुळातली. फूल गळल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडावी लागते, नाहीतर जून होते. मुलांना हात लावायला द्यायला ही उत्तम भाजी. तिच्यावरची लव बोटांना टोचते आणि मुलं ‘ई’ करून पुन्हा हात लावतात.

‘भेंडी उलटी,’ काकांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढला. ‘बाई, एक विचारतो, राग मानू नका. चूक आहे हे माहीत असून तेच पुस्तक तुम्ही चौदा मुलांना वाचून दाखवताय?’

राग मानला. अजून मानलेला आहे.

कारण माझ्यापुढे पर्याय काय असतात ते काकांना कोण सांगणार? दुकानात भाज्यांची पुस्तकं मिळतात, पण त्यांतली बरीच भाषांतरित. त्यांत आजोबा झुकिनी तोडतात आणि आजी लाल बीटचं थंड सूप करते. पुण्यातलं मूल त्या झुकिनीला काकडी म्हणतं आणि मोकळं होतं. उरलेल्या पुस्तकांत भाजी म्हणजे डोळे-तोंड असलेला प्राणी. गाजर हसतं, वांग्याला मुकुट, बटाटा रडका. मग त्याच हसऱ्या गाजराला किसणीवर घासा म्हणून चार वर्षांच्या मुलाला सांगायचं आणि ते भोकाड पसरलं की आश्चर्य करायचं!

आपल्या म्हातारीच्या गोष्टीतला भोपळाच घ्या. तो लाल की दुधी यावर घराघरांत वाद आहेत, पण म्हातारीला आत बसवून टुणूक टुणूक पाठवायची हे ठरलेलं. हा भोपळा पेरला कोणी, असं कोणी मूल विचारत नाही. एकदा एकाने विचारलं, तेव्हा सांगावं लागलं की लाल भोपळा पक्का व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात, आधी नुसती नर फुलं येतात, मग मादी फूल येतं आणि ते ओळखायचं त्याच्याखालच्या इवल्याशा भोपळ्यावरून. सकाळी मधमाशी आली नाही तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. सातव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येते. मग आपणच नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध घासायचं, तेही सकाळी नवाच्या आत. ‘मग म्हातारी एवढे दिवस लेकीकडेच थांबली?’ हा पुढचा प्रश्न. लेकीला आणि जावयाला काय वाटलं असेल!

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांना पानं, बिया, दगड, शंख-शिंपले यांतून शिकवलं. बीसाठी चित्र लागलं नाही, तिथे बीच होतं. आता आम्ही क्लबहाऊसच्या एसीत बी दाखवतो आणि खाली माती सांडू नये म्हणून सतरंजीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर प्लास्टिक. कार्यक्रम तासाभरात संपायला हवा, कारण साडेबाराला झुंबा. शाळांमध्ये तर भाजी-दिवस असतो. त्या दिवशी मूल कोबीच्या वेषात जातं आणि डब्यात नूडल्स नेतं. कोबीचा तो वेष भाड्याने मिळतो आणि त्याचं भाडं माझ्या मानधनापेक्षा जास्त आहे. परवा तर मानधनही नव्हतं. स्मृतिचिन्ह दिलं. प्लास्टिकचं रोप, कुंडीसकट.

पण पुस्तकं बिनकामाची आहेत असं मात्र कोणी म्हणू नये. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात यावर नीट अभ्यास झालाय. आईवडिलांनी एका भाजीचं चित्रपुस्तक दोन आठवडे रोज थोडा वेळ मुलाबरोबर पाहिलं, तर ती भाजी चाखायला मूल जास्त तयार होतं, आणि भाजी अनोळखी असेल तर फरक जास्त पडतो. दोन आठवडे, रोज. एका रविवारी, तासाभरात, झुंब्याच्या आधी नव्हे.

तर मेथी पेरून झाली. वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरली. मग पाणी. हाच कार्यक्रमातला सगळ्यात धोक्याचा भाग. प्रत्येक मुलाला स्वतःच्या डब्यात पाणी घालायचं असतं आणि शेजारच्याच्याही. बी सहसा तहानेने मरत नाही, प्रेमाने मरतं. चिखल झाला की बुरशी येते, उगवलेले कोंब जमिनीलगत काळे पडून आडवे होतात. म्हणून नियम असा : मातीला बोट लावायचं, बोटाला माती चिकटली तर पाणी नाही. पाणी द्यायचंच तर बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून शिंपडायचं. चौदा मुलांनी बोटं लावली, चिकटलेली माती एकमेकांच्या शर्टाला पुसली आणि तरीही पाणी घातलं.

शेवटची पानं स्वयंपाकाची. चित्रात आईने (बाबा पेपर वाचत होते, तो वेगळा लेख होईल) एक जुडी मेथी कढईत टाकली आणि पुढच्या चित्रात मोठं पातेलं भरून भाजी.

‘हे जुळत नाही,’ काका म्हणाले. या वेळी जवळजवळ आनंदाने. ‘आमच्याकडे एका जुडीची वाटीभर होते. आवक एवढी, शिल्लक एवढीशी. पुस्तकात उलट.’

इथे काका शंभर टक्के बरोबर होते, आणि तेच मला सहन झालं नाही. पालेभाजीत बहुतेक पाणीच असतं. ती कढईत बसते, म्हणूनच मीठ शेवटी. ढीग बघून आधीच मीठ घातलं तर भाजी आळल्यावर खारट होते, आणि मूल जन्मभर म्हणत राहतं की मेथी वाईट. कडूपणाला मेथी जबाबदार, पण खारटपणाला आपण. मुलांकडून करून घ्यायचं ते असं : पानं खुडणं, कोवळे देठ ठेवून जाड देठ टाकणं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं तीनदा बुचकळणं. प्रत्येक वेळी पानं हाताने वर उचलून काढायची. पातेलं चाळणीत ओतलं की तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवर. जुडीला दोन मोठे चमचे मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली. लसूण सोलणं मुलांना मनापासून आवडतं, फक्त नंतर त्यांना डोळे चोळू द्यायचे नाहीत. गॅसजवळ मोठ्यांनीच उभं राहायचं. भेंडी असेल तर आधी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची आणि मग चिरायची. ती पुसायचं काम चार वर्षांचं मूल माझ्यापेक्षा चांगलं करतं, एकेक भेंडी, बाळाला पुसावं तशी. आणि तरीही खात नाही. आठ-दहा वेळा ताटात आली की कधीतरी एक तुकडा तोंडात जातो. तोवर आग्रह करायचा नाही, तोंड पाडायचं नाही. हे पुस्तकात लिहायचं तर पानं वाढतात आणि किंमतही.

हे सगळं ऐकून काकांनी डायरी मिटली. मला वाटलं सुटले.

‘मेथी उगवायला किती दिवस?’

‘भिजवलेली आहे. दोन-तीन दिवसांत कोंब वर येतील. दहा-बारा दिवसांत कोवळी खुडता येईल. मुंबईत वाळूतली बुटकी समुद्रमेथी मिळते ना, साधारण तशी. मोठी पानं हवीत तर तीनेक आठवडे.’

‘धने?’

‘आठ-दहा दिवस नुसते उगवायलाच. मुळा चार दिवसांत उगवतो, पण दाट झाला तर विरळ करावा लागतो. नाहीतर नुसता पाला, खाली शेपटी. मुळा तयार व्हायला चाळीस-पंचेचाळीस दिवस. तसाच सोडला तर डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, धरतो.’

‘मग सोपं आहे,’ काका म्हणाले. ‘बी पेरलं ते पान चार ना? कोंब येईपर्यंत पान पाच उलटायचं नाही.’

मी इतकी वर्षं ही पुस्तकं हाताळतेय. वाचताना आवाज बदलते, भाज्यांच्या टोप्या घालते, मुठीने तबला वाजवते. पान उलटायचं नाही, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि ते सुचलं कोणाला, तर मेथी फक्त ताटात ओळखणाऱ्या माणसाला! मी म्हटलं, ‘बघू.’ बरी कल्पना ऐकली की मी असंच म्हणते.

त्यांच्या नातवाने बाल्कनीतून कपड्यांचा चिमटा आणला. पान पाचपासून शेवटपर्यंतची पानं एकत्र चिमट्यात अडकवली. पुस्तक तिथेच राहिलं. माझं होतं, तीनशे रुपयांचं, पण मागायचं कसं? आणि त्यानंतर त्याच माणसाने जाऊन तो शेरा लिहिला.

काल सकाळी त्यांचा मेसेज आला. चौदा डबे ओळीने, प्रत्येकासमोर पट्टी उभी. ‘दिवस 4. डबे 9 उगवले. सरासरी उंची 3 सेंमी. डबे 5 मध्ये बुरशी, पाणी जास्त, जबाबदार मुलांची नावं सोबत. पान 5 उलटायचं आहे. मुलं थांबायला तयार नाहीत. आपण कधी येता? (मानधनाची तरतूद नाही.)’

खाली आणखी एक ओळ होती : ‘वाटेत मिळाली तर अभिप्राय-वही आणावी. जुनी संपली.’