खुलासा: 8 ओहमचे दोन कॅबिनेट जोडले की 16 ओहम होत नाहीत

कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रा-बँडवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'बेस अँपला 8 ओहमचे दोन कॅबिनेट जोडले की 16 ओहम होतात, अँपवर ताण येत नाही, तिसराही बिनधास्त लावा.' हे चुकीचं आहे. (कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा खोका आणि ओहम म्हणजे त्याचा विद्युत रोध; तो जितका कमी, तितका अँपवर ताण जास्त.)

कॅबिनेटच्या मागचे दोन जॅक जवळपास नेहमीच आतून पॅरलल (समांतर) जोडलेले असतात, म्हणजे कॅबिनेट वाढले की एकूण रोध कमी होतो. त्यामुळे दोन मिळून 4 ओहम होतात आणि तिसरा लावला की 2.7 च्या आसपास. खात्री करायची तर अँपची वायर काढून मल्टिमीटर लावा: एका कॅबिनेटवर साधारण 6 दिसेल, दुसरा जोडल्यावर 3. (मीटरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो.)

बऱ्याच ट्रान्झिस्टर अँपच्या पाठीवर 'मिनिमम 4 ओहम' लिहिलेलं असतं. त्याखाली गेलं की अँप तापतो, भर कार्यक्रमात बंद पडतो, कधी आउटपुटच जळतं. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपला तर ओहम निवडायचा स्विच एकूण ओहमइतकाच ठेवायचा. आणि टोनच हवा असेल, तर तिसऱ्या कॅबिनेटपेक्षा एकाच मॉडेलचे दोन कॅबिनेट माझ्या मते कधीही चांगले.

गणपतीच्या कार्यक्रमांची तयारी चालू आहे, पोरांनी पै-पै जमवून अँप घेतलेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.